मुंबई–न्यूयॉर्क: जाताना सहा तास, येताना चोवीस? अण्णांना हिशेब पटत नाहीये

गिरगावची लेक

नमस्कार मंडळी. आई-अण्णांना एप्रिलअखेर भावाकडे पाठवायचंय. तो न्यू जर्सीत एडिसनला असतो. दोघांचीही पहिलीच परदेशवारी. अण्णा ७४, आई ६९. तिकीट अजून काढलेलं नाही. एजंटाने नमुन्यादाखल एक वेळापत्रक पाठवलं आणि घरात जे सुरू झालंय ते थांबायचं नाव घेत नाही.

अण्णा बेस्टमध्ये टाइमकीपर होते. वेळापत्रक म्हटलं की ते कुणाचं ऐकत नाहीत. मेसेज वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि लाइट बिलाच्या कोऱ्या बाजूवर मांडून दाखवलं: मुंबईहून रात्री दीडला निघायचं, जेएफकेला, म्हणजे न्यूयॉर्कच्या विमानतळावर, त्याच दिवशी सकाळी साडेसातला उतरायचं. म्हणजे सहा तास. परत येताना तिथून सकाळी अकराला निघायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराला मुंबई. म्हणजे पावणेचोवीस तास. "असलं टाइमटेबल मी डेपोत लावलं असतं तर मला घरी बसवलं असतं," असं म्हणून कागद माझ्या हातात दिला.

घड्याळं वेगळी असतात हे मी सांगितलं, त्यांनाही ते ठाऊक आहे. पण नक्की किती तास बसायचं याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं. एजंट म्हणतो जाताना साडेपंधरा, येताना सव्वाचौदा. मी नेटवर अंतर पाहिलं, सुमारे १२,५४० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर १४ तासही होत नाहीत. मग दीड तास जातो कुठे? आणि अंतर तेच असताना येताना कमी वेळ का? दहावीतला भाचा म्हणतो पृथ्वी फिरते म्हणून.

आणखी एक. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर रस्ता अरबस्तान, आफ्रिकेची वरची बाजू, मग अटलांटिक असा दिसतो. नेटवर मात्र रेघ वर आइसलंडकडे वळलेली. एवढा वळसा कशासाठी?

थेट विमान घ्यावं की मध्ये उतरून, हेही सांगा. आईचे गुडघे दुखतात.

उंटावरचा शहाणा

सोप्पंय ताई. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. जाताना न्यूयॉर्क तुमच्याकडे धावत येतं, येताना मुंबई पुढे पळत असते. सहा आणि चोवीस बरोब्बर. भाच्याला पेढा द्या.

कालिन्याचे काका

शहाणे, उंटावरून खाली या. पृथ्वी फिरते तशी तिच्याबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी साधारण १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकते. हवा मागे राहत असती तर मरीन ड्राइव्हवर रोज तेवढ्या वेगाचं वारं सुटलं असतं आणि मुंबई उरलीच नसती. तुमच्या नियमाने येताना मुंबई पुढे पळते, आणि ताईंचा एजंट म्हणतोय येताना सव्वा तास कमी लागतो. म्हणजे पेढा परत घ्या.

ताई, माझी उमर डिस्पॅचमध्ये गेली. सहारला बसून विमानांचे फ्लाइट प्लॅन काढायचे, तेल किती भरायचं ते ठरवायचं, हाच धंदा. त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी अण्णांना सांगा की त्यांचा कागद फाडू नका, त्याच्यावरच उत्तर आहे. जाण्याचे सहा आणि येण्याचे पावणेचोवीस यांची बेरीज करा. पावणेतीस. न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे. जाताना घड्याळातले तेवढे तास वाचतात, येताना तेवढेच जातात, म्हणून बेरजेत ते आपोआप कटतात. पावणेतिसाचे निम्मे म्हणजे १४ तास ५२ मिनिटं, हा दोन्ही फेऱ्यांचा खरा सरासरी वेळ. आता सहामध्ये साडेनऊ मिळवा, साडेपंधरा. पावणेचोवीसमधून साडेनऊ काढा, सव्वाचौदा. एजंट खरं बोलतोय. (असंही होतं कधीकधी.)

साडेनऊचा हा फरक उन्हाळ्यातला. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. हिवाळ्यात फरक साडेदहाचा होतो. परतीची तारीख नोव्हेंबरात गेली तर अण्णांना नवा कागद द्या.

आता अंतर. १२,५४० हा आकडा बरोबर आहे, पण तो गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता. भिंतीवरचा नकाशा म्हणजे गोल ताणून सपाट केलेला, त्यात उत्तरेकडचा भाग आहे त्यापेक्षा कितीतरी रुंद दिसतो. घरात पृथ्वीगोल असेल तर हाराचा दोरा घ्या, एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि ताणा. दोरा मुंबईहून जवळपास उत्तरेलाच निघतो, थोडा पश्चिमेला कललेला. अफगाणिस्तान, कझाकस्तानचा कोपरा, रशिया, स्कँडिनेव्हिया करत आइसलंडच्या अंगाने ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि मग ग्रीनलंडचं टोक, कॅनडा असा खाली उतरतो. म्हणजे तुम्हाला वळसा वाटतोय तो सरळ रस्ता, आणि पट्टी ठेवून काढलेला तो वळसा.

पण त्या दोऱ्यावरून विमान नेऊ देतं कोण? प्रत्येक देशाचं आकाश त्याच्या मालकीचं. मुंबईहून उत्तरेला निघालं की पहिला पाकिस्तान. २०१९ मध्ये बालाकोटनंतर त्यांनी आकाश बंद केलं होतं, ते जुलैच्या मध्याला उघडलं. मग २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद केलं आणि दर महिन्याला मुदत वाढवत राहिले. दिल्लीच्या विमानांना त्याचा जास्त जाच झाला. उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना तर व्हिएन्नाला उतरून तेल भरावं लागलं. मुंबई त्या मानाने सुदैवी, आपण अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूला निघू शकतो. रशियाचंही तसंच, २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना तिथून जाता येत नाही. इराण, इराक, इस्राएलकडे काही पेटलं की अजून एक तुकडा गळतो. म्हणून प्रत्यक्ष उडण्याचं अंतर १३,००० च्या आसपास धरा, कधी त्याहून जास्त.

मग वारा. भाच्याला नीट समजावा, हा खरा खलनायक. जमिनीपासून १० ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो. हिवाळ्यात त्याचा गाभा ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. आमच्याकडे वाऱ्याचे नकाशे येत, त्यात प्रत्येक ठिकाणी एक काडी आणि तिला पिसं. अर्धं पीस म्हणजे ५ नॉट, पूर्ण पीस १०, आणि काळा त्रिकोणी झेंडा म्हणजे ५०. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. जानेवारीत अटलांटिकवर एकेका काडीला तीन-तीन झेंडे दिसत. पश्चिमेला जाणाऱ्याचा प्लॅन करताना नजर त्या झेंड्यांना चुकवत कुठून सटकता येईल ते शोधायची, आणि पूर्वेला येणाऱ्याचा करताना मुद्दाम त्यांच्यात घुसायची. त्यामुळे जायचा आणि यायचा रस्ता एक नसतोच. अटलांटिकवर तर समांतर मार्गांची आखणी रोज नव्याने होते, पश्चिमेला जाणाऱ्यांची वेगळी, पूर्वेला येणाऱ्यांची वेगळी.

आता हिशेब. सबंध प्रवासात सरासरी ताशी ४० किलोमीटरचा वारा धरू. जाताना ९०० मधून वजा, ८६०. त्याने १३,००० ला भागा, १५ तास ७ मिनिटं. येताना ९४०, म्हणजे १३ तास ५० मिनिटं. दोन्हीत जमिनीवरची २५ मिनिटं घाला. साडेपंधरा आणि सव्वाचौदा. वारा रोज बदलतो, हे ठोकताळ्याचे आकडे आहेत. पण तुमचा दीड तास कुठे गेला ते यातून कळेल.

ही २५ मिनिटं कसली ते अण्णांना एका वाक्यात कळेल: तिकिटावरचा वेळ म्हणजे डेपोतून गाडी सुटल्यापासून डेपोत लागेपर्यंतचा. चाकांखालचे अडसर, ज्याला आम्ही चॉक्स म्हणतो, ते काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत. आमच्या भाषेत ब्लॉक टाइम. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम मोकळेपणाने वापरता येत नाहीत, आणि रात्री एक ते तीन ही परदेशी विमानांची ऐन गर्दी. रांगेत उभं राहण्यात वेळ जातोच.

तेलाबद्दल थोडं, कारण थेट विमानाचं सगळं त्यावर अडतं. बोइंग ७७७-३०० ईआर जातीचं विमान तासाला साधारण सात-आठ टन तेल पितं. साडेपंधरा तासांचं तेल म्हणजे शंभर टनांच्या वर. वर राखीव वेगळं: न्यूयॉर्क बंद पडलं तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जायचं, वर अर्धा तास घिरट्या घालायचं. वजनाची कमाल मर्यादा ३५१ टन, ती ओलांडता येत नाही. वारा जास्त म्हणजे तेल जास्त, म्हणजे माल कमी, आणि फारच ओढाताण झाली तर सामान मागे राहतं. तेव्हा आईंच्या औषधांची पिशवी कार्गोत टाकू नका, हातात ठेवा.

जाता जाता: मुंबई–लंडन–न्यूयॉर्क अशी एअर इंडियाची सेवा १९६० च्या मे महिन्यात बोइंग ७०७ ने सुरू झाली. मधे न उतरता जाण्याचा विचारही तेव्हा शक्य नव्हता. आज सिंगापूर–न्यूयॉर्क थेट उडतं, १५,३०० किलोमीटर, अठरा-एक तास. त्यापुढे आपले साडेपंधरा म्हणजे मधला मामला.

गिरगावची लेक

काका, अण्णांना वाचून दाखवलं. बेरजेची युक्ती ऐकून अण्णा खूश. दोन वेळा करून पाहिली. डेपोचं वाक्य तर "बघ, हा माणूस कामातला आहे" या शेऱ्यासकट मंजूर झालं. पण लगेच पुढचा प्रश्न: "वारा रोज बदलतो, तर छापील वेळ पाळतात कशी? की आमच्यासारखंच, शेवटच्या स्टॉपला उभं राहून?"

आईचा प्रश्न वेगळा. सकाळी उठल्या उठल्या ती थायरॉइडची गोळी घेते. विमानात सकाळ कधी होते?

एडिसनची वहिनी

काका उत्तर देतीलच, तोवर माझं ऐका. एडिसनला यायचंय तर जेएफके का? न्यूअर्क घ्या ना! मुंबईहून अंतर जवळपास तेवढंच, वीस-तीस किलोमीटरचा फरक. पण न्यूअर्क विमानतळ न्यू जर्सीतच आहे, घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. जेएफके न्यूयॉर्कच्या पार पलीकडे, क्वीन्समध्ये. मधे दोन-तीन पूल, प्रत्येकाला टोल, आणि सकाळी साडेसातला उतरून बाहेर पडेपर्यंत ऐन ऑफिसची गर्दी. साडेपंधरा तास बसून आलेल्या माणसांना पुन्हा दोन तास गाडीत कशाला बसवायचं?

थेट की मधे उतरून, याचं माझं मत थेट. किलोमीटर पाहिले तर उतरून जाण्यात फारसं वाढत नाही. मुंबई–दुबई सुमारे १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क ११,००० च्या आसपास, म्हणजे थेटपेक्षा चारशे-एक जास्त. लंडनवरून तर दोनशेच. वाढतो तो वेळ, मधल्या थांब्याचा. तीन तासही असतो आणि नऊही. तिकीट स्वस्त दिसलं की आधी तो आकडा बघा.

माझ्या सासूबाईंचं सांगते. व्हीलचेअर सांगितलेली होती. मधल्या विमानतळावर त्यांना गेटपाशी आणून बसवलं आणि तो मुलगा "येतो" म्हणून गेला. गेट बदललं. घोषणा इंग्रजीत आणि तिथल्या भाषेत. त्या बापड्या पर्स मांडीवर घेऊन बसून राहिल्या. शेजारच्या एका तेलुगू कुटुंबाने बोर्डिंग पास पाहिला म्हणून निभावलं. तुमचे आई-अण्णा दोघं आहेत आणि अण्णा टाइमकीपर, म्हणजे गेट हलू देणार नाहीत. तरी पहिल्या खेपेला नको.

मधे उतरायचंच झालं तर अबूधाबीचा एक फायदा आहे. २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं. रांग, प्रश्न, बोटांचे ठसे, सगळं तिथे उरकून विमानात बसायचं. इकडे उतरलात की देशातल्या देशात आल्यासारखं बॅगा उचलून बाहेर. फक्त मधे तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका, ती रांग तिथे लागतेच.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच लिहून घ्या, निदान ४८ तास आधी तरी. पैसे पडत नाहीत. नुसतं "हवी" म्हणू नका. जिना चढता येतो की नाही हे विचारतात, त्यावर कुठली मदत मिळते ते ठरतं. आईंना कडेची जागा घ्या, खिडकीची हौस अण्णांना. दर दीड-दोन तासांनी मागच्या किचनपर्यंत चालून यायचं. पायात घट्ट मोजे घालावेत का ते डॉक्टरांना विचारा. आणि पाणी पीत राहायचं. "सारखं उठावं लागतं" म्हणून आपल्याकडच्या बायका पाणीच पीत नाहीत, मग पाय सुजतात.

कालिन्याचे काका

वहिनींशी सहमत. न्यूअर्कच.

अण्णांचा प्रश्न नेमका आहे. छापील वेळ ही एका दिवसाची नसते, सबंध हंगामाची असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवसापर्यंत उन्हाळी वेळापत्रक, उरलेले महिने हिवाळी. त्या हंगामातल्या वाऱ्यांचा अनुभव पाहून बहुतेक दिवशी पुरेल असा वेळ धरतात, वर थोडी चिंधी जोडतात. म्हणून वारा बरा असला की विमान वीस मिनिटं आधी पोचतं आणि कप्तान कौतुकाने तसं सांगतो. लोक टाळ्या वाजवतात. शेवटच्या स्टॉपला उभं राहण्याचा प्रकारही आहे: आधी पोचलेल्याला कधीकधी गेट रिकामं नसतं, मग टॅक्सीवेवर ताटकळायचं. अण्णांना म्हणावं, धंदा एकच.

आईंचा प्रश्न मात्र मला आजवर कुणी विचारला नव्हता. एप्रिलअखेर रात्री दीडला निघालात तर आपल्या घड्याळात सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमाराला, युरोपवर कुठेतरी, बाहेर उजाडेल. पण पुढे गंमत आहे. शहाण्यांचं पृथ्वीचं फिरणं इथे कामाला येतं. ५५-६० अंश उत्तरेला जमिनीचा फिरण्याचा वेग ताशी नऊशेच्या आसपास उतरतो, म्हणजे विमानाइतकाच. विमान पश्चिमेला चाललंय, सूर्यही. त्यामुळे तो क्षितिजापासून फारसा वर येतच नाही. पुढचे सात तास बाहेर सकाळच असते, आणि उतरता तेव्हाही सकाळचे साडेसातच. खिडकीचा पडदा ओढून घ्या, नाहीतर डोळ्याला डोळा लागणार नाही.

तेव्हा उजाडण्यावर गोळी ठेवू नका. मनगटावरचं घड्याळ उतरेपर्यंत मुंबईच्या वेळेवर राहू द्या. मुंबईत सकाळी सहाला गोळी असेल तर त्या घड्याळात सहा वाजता घ्या, तेव्हा बाहेर काळोख असला तरी. तिकडच्या वेळेवर कसं सरकवायचं ते निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. अण्णा तो कागद सांभाळतील.

उंटावरचा शहाणा

म्हणजे पृथ्वी फिरते म्हणूनच ना काही तरी! पेढा अर्धा तरी द्या.

गिरगावची लेक

अर्धा मंजूर.

एजंटाला न्यूअर्कचं विचारलं. माणशी साडेचार हजार जास्त सांगतोय आणि वर "जेएफके घ्या ना, एकच शहर आहे" म्हणतो. घरून निघायचं मेट्रो ३ ने ठरतंय, गिरगावहून टी-२ ला थेट आहे, आणि दीडच्या विमानाला रात्री साडेनऊची गाडी पकडली तरी चालेल. अण्णांचा चार बॅगा घेऊन सरकत्या जिन्यावर जायचा हट्ट आहे. भाऊ म्हणतोय टॅक्सी करा.

एडिसनची वहिनी

एकच शहर म्हणे! त्याला म्हणावं ये इकडे सकाळी आठ वाजता आणि चालवून दाखव. टोल, पेट्रोल, भावाची अर्धी रजा धरा आणि न्यूअर्कचं तिकीट काढा. आणि मेट्रोचं अण्णांना सांगा, लिफ्टने. बॅगा २३-२३ किलोच्या असणार ना?

गिरगावची लेक

आईने लोणच्याच्या बरण्या अजून धरलेल्याच नाहीत त्यात. टॅक्सीच करते.